कुझ्मा बघून देतो

उद्या शनिवार. सकाळी नऊला माझे वडील त्यांच्या हिरव्या पिकअपमध्ये माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, फेन्याला, बसवतील आणि स्तोत्रांच्या वर्गाला घेऊन जातील. पस्तीस मिनिटांचा रस्ता आहे. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला नदी, समोरून ओंडके लादलेले ट्रक. गेली चार वर्षं हे चाललंय आणि या चार वर्षांत मी काळजी करायची म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नाही. टायर, अस्वलं, फेन्याच्या कानाला लागणारा वारा, बाबा वाटेत तिला घेऊन देतात तो तेलकट डोनट. यादीत एक गोष्ट मात्र कधीच नव्हती, ती म्हणजे बाबांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांची काळजी करणं म्हणजे आपली नदी आटेल की काय म्हणून जागत बसण्यासारखं होतं.

आता मी जागते ती त्यांच्या डोळ्यांपायीच. आणि हे माझ्या लक्षात आलं ते गांजामुळे. आजीच्या कानावर हे गेलं असतं तर तिने मला अनवाणी बर्फात उभं करून तासभर प्रार्थना म्हणायला लावली असती.

बाबांचं नाव कुझ्मा स्ट्रेलाएव. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी खालच्या लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. चाळीस फूट लांबीचं करवतीचं पातं, त्याला शेकड्यांनी दात, आणि प्रत्येक दात कानशीने घासून डोळ्याने तपासायचा. नव्या फोरमनने एकदा मोजायचं यंत्र आणलं. बाबा पात्याकडे एका डोळ्याने बघत म्हणाले, एकशे बारावा दात केसभर डावीकडे झुकलाय. यंत्राला ते अर्ध्या तासाने पटलं. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की दाताचा नंबर चुकला तर मीच दुरुस्त करते.

पुढे गिरणी बंद पडली. बघायची सवय लागलेल्या माणसाला बघायला काही उरलं नाही. त्याच सुमाराला इथल्या शाळेने जुनी प्रयोगशाळा रिकामी केली आणि बाबा एक काळा, वजनदार, एका नळीचा मायक्रोस्कोप तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन घरी आले. मग त्यांनी काय काय बघितलं नाही. मधमाशीचा पाय, स्वतःच्या दाढीचा केस, आईच्या डोक्यातला कोंडा, आणि त्या कोंड्याची बातमी त्यांनी पाहुण्यांसमोर जेवताना दिली. एकदा त्यांनी आईच्या बोर्श्तमधली, म्हणजे बीटाच्या सुपातली, शेपूची काडी काचेखाली धरली आणि जाहीर केलं की एक किडा आहे, पण तब्येतीने चांगला आहे. आईने त्यांची थाळी आणि तो मायक्रोस्कोप, दोन्ही उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं. थाळी परत आत आली. मायक्रोस्कोप तिथेच राहिला. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांनी तो आत आणलेला नाही.

मग सरकारने कायदा केला की घरटी गांजाची चार झाडं लावायला हरकत नाही. आमच्या खोऱ्यात ही झाडं पन्नास वर्षांपासून होती. कायदा म्हणजे सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून झाल्यावर आलेला पाहुणा. पण त्यामुळे एक झालं. जे आधी लपूनछपून व्हायचं ते टोमॅटोच्या शेजारी उभं राहिलं आणि लोक एकमेकांना उघडपणे सल्ले द्यायला लागले.

बाबांकडे सगळ्यात आधी आला तो लॉइड. हा विशीत असताना लढाईला जायचं नाही म्हणून अमेरिकेतून सीमा ओलांडून इकडे पळून आला आणि इथेच राहिला. आता सत्याहत्तर वर्षांचा आहे. दाढी नाभीपर्यंत. गांजाच्या झाडाबद्दल त्याला सगळं कळतं, फक्त कापायचं कधी ते कळत नाही, कारण त्याचा हात शिवशिवतो. लवकर कापलं तर डोकं पळत सुटतं आणि छाती धडधडते. उशिरा कापलं तर माणसाची गादी होते. नेमकी वेळ फुलावरच्या राळेवरून कळते. फुलावर केसाहून बारीक देठांवर टाचणीच्या डोक्यासारखे मणी उभे असतात. आधी ते पाण्यासारखे नितळ असतात, मग दुधासारखे होतात, मग एकेक करत मधाच्या रंगावर जातात. बहुतेक दूध आणि पाचात एक मध झाला की कापायचं. नुसत्या डोळ्याला यातलं काही दिसत नाही.

लॉइड म्हणाला होता, जन्मभर करवतीचे दात बघितलेस, हेही दातच समज. बाबांनी वीस मिनिटं बघितलं आणि म्हणाले, अजून नऊ दिवस. लॉइडने केवळ जिरवायची म्हणून अर्धं झाड त्याच दिवशी कापलं आणि अर्धं नऊ दिवसांनी. त्या दुसऱ्या अर्ध्याची चव घेऊन तो म्हणे तासभर आपल्या कोंबडीकडे बघत बसला आणि ती किती सुंदर आहे म्हणून रडला. कोंबडीला पुढे त्याने मरेपर्यंत पाळलं.

तेव्हापासून रीत पडली. सप्टेंबर अर्धा सरला की लोक बाबांच्या व्हरांड्यात अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन येतात. त्याच्या तीन खळग्यांत तीन तुकडे, शेंड्याचा, मधला आणि बुडाचा. झाकणावर पेन्सिलीने नाव. बाबा बघतात आणि एकतर दिवसांचा आकडा सांगतात, नाहीतर 'काप' म्हणतात. याबद्दल ते काही घेत नाहीत. लोक काकडीचं लोणचं ठेवून जातात, ते त्यांना आवडत नाही, मग ते माझ्याकडे येतं. माझ्या तळघरात एकोणीस बरण्या आहेत.

आणि गंमत अशी की बाबांनी स्वतः आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. आम्ही दुखोबोर, रशियातून इथे येऊन वसलेला एक जुना पंथ; आमच्यात दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही. गांजाबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलं नाही, तेवढ्या फटीतून निम्मं खोरं आत शिरलं. बाबा शिरले नाहीत. बघून झालं की ते कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात. लॉइड त्यांना म्हणायचा, "अरे, हे म्हणजे ब्रह्मचाऱ्याने लग्नं जुळवण्यासारखं झालं."

"म्हणून तर मी जुळवलेली टिकतात," बाबा म्हणाले. लॉइडची तीन मोडली आहेत.

आमच्या स्तोत्रगायनाच्या प्रमुख मेबल, वय एकाहत्तर, यांचे गुडघे दुखतात. त्या व्हरांड्यात येतात ते अंडी द्यायला. खरोखरची नऊ अंडी असतात, उरलेल्या तीन खळग्यांत ज्याच्यासाठी आल्या ते असतं. रविवारी त्याच मेबल प्रार्थनाघरात ताठ उभ्या राहून पहिलं स्तोत्र उचलतात, तेव्हा चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही.

या वर्षी ऑगस्टभर जंगलाच्या आगींचा धूर खोऱ्यात कोंडून होता. सप्टेंबरच्या दहा तारखेपासूनच बाबांनी 'काप' म्हणायला सुरुवात केली. लोक चकित झाले. इतक्या लवकर? मध झालाय नुसता मध, बाबा म्हणाले, ठेवलंत तर वाया जाईल. कुझ्मा म्हणतो म्हणजे झालंच. सगळ्यांनी कात्र्या काढल्या.

माल वाळून ऑक्टोबर उजाडला आणि खोऱ्याची झोप उडाली. मेबल रोजच्याएवढाच बिस्किटाचा तुकडा खाऊन गुडघे विसरायला आडव्या झाल्या आणि उजाडेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं घासली, मसाले बाराखडीने लावले, वर गुडघे ठणकत होतेच. लॉइडची छाती इतकी धडधडली की आपण मरतोय असं वाटून त्याने दुसऱ्या बायकोला बावीस वर्षांनी फोन करून माफी मागितली. तिने माफ केलं. आता ती नाताळला येते आहे आणि लॉइड पुन्हा धडधडतो आहे.

प्रार्थनाघराच्या पायरीवर चर्चा झाली. कोणी धुराला दोष दिला, कोणी बियाण्याला, कोणी चंद्राला. लॉइडने सवयीने सरकारला दिला. बाबांना कोणी नाही दिला. गिरणी होती तेव्हा तिचा भोंगा कधी वीस मिनिटं उशिरा वाजला तर अख्खं खोरं उशिरा जेवायचं, पण भोंगा चुकला असेल असं कोणाच्या मनातही यायचं नाही.

मला मात्र माहीत होतं. सप्टेंबरच्या वीस तारखेपासून माहीत होतं.

माझीही चार झाडं आहेत, कोबीच्या वाफ्याच्या पलीकडे. नवरा उत्तरेकडच्या खाणीत पंधरा दिवस असतो आणि पंधरा दिवस घरी. तो नसतो त्या पंधरा दिवसांत मी अर्धा चमचा लोणी ब्रेडला लावून झोपते, त्या लोण्यात काय असतं ते वाचनालयातल्या माझ्या साहेबांनी विचारू नये. तर मी माझा खोका घेऊन बाबांकडे गेले. फेन्या बरोबर होती. बाबांनी नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटला, उजवा नळीला लावला आणि क्षणात म्हणाले, काप, आजच. मग नेहमीप्रमाणे फेन्या त्यांच्या काखेखालून घुसली आणि तिने बघितलं.

"डेडा, मध कुठाय? हे तर सगळं पाणी आहे."

"तुझी नजर अजून कच्ची आहे, बाळा. शिकशील."

"मग आईला बघू दे."

मी वाकले. पहाटेच्या गवतावर दव असतं तशा रांगाच्या रांगा, सगळ्या नितळ. मध सोडा, दुधाचा थेंब नव्हता. मी डोकं वर केलं तर बाबा माझ्याकडे बघत होते. हातात पेन्सिल, झाकणावर तारीख लिहायच्या तयारीत. आणि मी म्हणाले, "हो बाबा, मधासारखंच वाटतंय."

बाबांनी तारीख लिहिली. फेन्याने माझ्याकडे जसं बघितलं ते मी इथे लिहू शकत नाही.

झाडं मी कापली नाहीत. बाबांना रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून मी दोरीवर चादरी वाळत घातल्या, त्या अठरा दिवस वाळत होत्या, त्यातले सहा दिवस पाऊस होता. शेजारीण विचारून गेली की घरी कोणी अंथरूण ओलं करतंय का. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. परिणाम असा की आज अख्ख्या खोऱ्यात नीट पिकलेला माल फक्त माझ्याकडे आहे, आणि तो मी कोणाला दाखवू शकत नाही. तो खाऊनही मला झोप येत नाही, हा त्याचा दोष नाही.

कारण एकदा कळलं की सगळंच दिसायला लागतं. मेबल यांनी नवी कोरी पांढरी शाल घेतली तर बाबा त्यांना भर प्रार्थनेनंतर म्हणाले, पिवळी पडली आहे, सोड्यात भिजत घाल. मेबल दोन रविवार त्यांच्याशी बोललेल्या नाहीत. प्रार्थनाघराचे दिवे मंद झालेत म्हणून बाबांनी स्वखर्चाने नवे बल्ब लावले आणि मग म्हणाले, हेही भिकार निघाले. चहा ओतताना ते आता कपाच्या कडेवर बोट ठेवतात. मला वाटत होतं एकटं राहून विक्षिप्त झालेत.

आणि गेल्या शनिवारचं. वर्गानंतर तिथेच सगळ्यांचं जेवण, मग पुन्हा तालीम, निघेपर्यंत अंधारून आलं होतं. फेन्या घरी आली ती हसत. म्हणाली, डेडाने रस्त्यात गाडी थांबवली, अस्वल आहे म्हणाला, त्याला जाऊ दे. "आम्ही थांबलो. खूप वेळ. ते हललंच नाही, आई. कचऱ्याचा डबा होता." दोघं म्हणे हसून हसून लोळले आणि मग डब्याला वाकून नमस्कार करून पुढे आले. मी हसले नाही. जो डब्याला अस्वल समजतो तो उद्या अस्वलाला काय समजेल, आणि ओंडक्यांच्या ट्रकला काय.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. फेन्याचा घसा दुखतोय, शनिवारी येणार नाही, असं बाबांना कळवलं. तासाभरात ते मधाची बरणी घेऊन दारात हजर. फेन्या तेव्हा अंगणात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत किंचाळत होती. मग मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. बाईंनी विचारलं, तपासणीचं पेशंटला माहीत आहे ना? मी फोन ठेवून दिला. मग मी पिकअपची किल्ली चोरली. ती माझ्या पिठाच्या डब्यात आहे. ती जास्तीची किल्ली होती हे मला नंतर कळलं, रोजची बाबांच्या खिशात आहे.

बाबा रागावतील याची मला भीती नाही. रागावलेले बाबा मला चांगले ठाऊक आहेत. मला भीती आहे ती ते काही बोलणार नाहीत याची. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्यांनी कानशी तेल लावून कापडात गुंडाळल्या, माळ्यावर ठेवल्या आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तसाच ते मायक्रोस्कोप आईच्या जुन्या ॲप्रनमध्ये गुंडाळतील. लायसन्स टेबलावर ठेवतील. आणि शनिवारची ती पस्तीस मिनिटं, ज्यात दोघं खिडक्या उघड्या टाकून दोन सुरांत स्तोत्र ओरडत जातात आणि डोनटची साखर सीटवर सांडतात, तीही जाईल. आई गेल्यावर त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं, तो व्हरांडा आणि तो रस्ता.

आज संध्याकाळी भांडी पुसताना फेन्या सहज काहीतरी बोलून गेली आणि मी तेव्हापासून त्याच्याभोवती फिरते आहे.

फेन्या पाच वर्षांची असताना बाबांनी तिला मायक्रोस्कोपमधून पहिली गोष्ट दाखवली ती मीठ. आमच्या प्रार्थनाघरात मधल्या टेबलावर ब्रेड, मीठ आणि पाणी ठेवलेलं असतं. बाबांनी त्यातलं चिमूटभर मीठ, मेबल डोळे मिटून गात असताना, रुमालात चोरलं होतं. बघ, काचेच्या खोल्या, ते तिला म्हणाले होते. पुढे दरवर्षी पहिला खोका यायच्या आधी ते मीठ लावून बघायचे. काम सुरू करण्याआधी हत्यार तपासायची गिरणीतली सवय. मीठ काचेसारखं दिसलं की दिवा बरोबर, नळी बरोबर, मग फुलं.

मी फेन्याला विचारलं, या वर्षी डेडाने मीठ लावलं होतं का? लावलं होतं की, ती म्हणाली. पण मीठ पिवळं निघालं, जुनं झालंय म्हणाला, म्हणून फेकून दिलं. मग दुकानातून नवा पुडा आणला, तोही पिवळाच निघाला. डेडाने दुकानदाराला शिव्या दिल्या, रशियनमध्ये. "मला तर पांढरं दिसत होतं, आई. पण माझी नजर कच्ची आहे ना."

दोन पुडे मीठ फेकून दिलं. एकशे बारावा दात केसभर झुकलेला ज्याला दिसायचा, त्या माणसाने डोळा सोडून सगळं तपासलं. दिवा, मीठ, दुकान. आणि मग दाराशी खोके घेऊन उभ्या असलेल्या लोकांना 'काप' म्हणाला. एकाने तरी त्यांना खरं सांगायला हवं होतं. एकीला संधी होती. ती म्हणाली, मधासारखंच वाटतंय.

म्हणून मी ठरवलं आहे. बाबा साडेपाचला उठून चूल पेटवतात. तेव्हा मी फोन करेन. मोतीबिंदू हा शब्द मी काढणार नाही, लायसन्सचा तर नाहीच. त्यांना कुठला दात वाकडा आहे हे कोणी सांगितलेलं आवडत नाही, स्वतः शोधलेला आवडतो. म्हणेन, बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले, पाणी होतं, सगळं पाणी होतं. मग म्हणेन, फोन ठेवू नका, व्हरांड्यात जा आणि चिमूटभर मीठ काचेखाली घाला. उजव्या डोळ्याने बघा. आता उजवा मिटा आणि जन्मभर मिटून ठेवलेला तो डावा लावा, आणि मला सांगा, कुठल्या डोळ्याला मीठ किती पिवळं दिसतं.

ते जेवढा वेळ घेतील तेवढा वेळ मी फोन धरून उभी राहीन. नंतर म्हणेन की नऊला मी येते आहे, गाडी मी चालवणार, तुम्ही दोघं मागे बसून हवं तेवढं ओरडा. डोनट मी घेईन. तेलकटच घेईन.